पांढरा थर खर्र्याचा समजू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तोंड आले की दोष खर्र्यावर (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावर) जातो. गेल्या कापूस वेचणीत माझ्या थोरल्या भावाच्या जिभेवर सायीसारखा पांढरा थर चढला, भाकरीचा घास गिळताना छातीत कळ येऊ लागली, आणि गावातल्या डॉक्टरांनी दोन महिने केवळ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तो थर कापडाने पुसला की निघे व खाली लालभडक जागा दिसे. खर्र्याचा पांढरा चट्टा असा पुसून निघत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तो कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग होता. एचआयव्हीमुळे रोगप्रतिकारक सीडी-४ पेशी रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे २०० च्या खाली गेल्या की तो बळावतो आणि अन्ननलिकेत उतरल्यास एड्सचे लक्षण मानला जातो. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाने तीन आठवड्यांत भाऊ जेवू लागला, परंतु एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) नियमित नसेल तर बुरशी परतते. एआरटी शासकीय केंद्रात मोफत मिळते खरी, पण दिवसाची मजुरी बुडवून (बसभाडे वेगळेच) दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जाणे अनेकांना जमत नाही.

असा थर दिसताच रुग्णाला, चारचौघांत वाच्यता न करता, ग्रामीण रुग्णालयातील मोफत एचआयव्ही चाचणीसाठी पाठवावे आणि फ्लुकोनॅझोल प्राथमिक आरोग्य केंद्रातच उपलब्ध ठेवावे, अशी आरोग्य विभागास कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ