रँडीच्या जागी टोनी, आणि बॉब डेझली गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’वरचा लेख वाचला. इंग्लिश रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या एका अल्बमला मराठी वृत्तपत्राने अर्धं पान दिलं, याबद्दल मनापासून आभार. आभार इथेच संपले.

फोटो कुणी निवडला हो? खालची ओळ म्हणते, ‘गिटारवादक रँडी ऱ्होड्ससोबत ऑझी’. फोटोतल्या माणसाला मिशा आहेत, गळ्यात क्रॉस आहे आणि तो गिटार डावखुरी वाजवतोय. तो टोनी आयोमी, ऑझीच्या जुन्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा! ज्या बँडने १९७९ साली ऑझीला नारळ दिला, त्याच बँडचा गिटारवाला त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमच्या लेखावर मिरवतोय. रँडी अंगापिंडाने बारका, सोनेरी केसांचा, उजवखुरा. या दोघांत गल्लत करायलाही कसब लागतं.

ऑझीने स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलं, ते आलंच, एक परिच्छेद भरून. ते प्रकरण १९८२च्या जानेवारीतलं, दुसऱ्या अल्बमच्या दौऱ्यातलं. या अल्बमशी त्याचा काडीचा संबंध नाही. तेवढ्या जागेत रँडी गिटारचा एकच सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) तीन-तीनदा तंतोतंत वाजवून एकावर एक कसा चढवायचा, हे सांगता आलं असतं. किंवा ‘मिस्टर क्रॉली’ या गाण्याच्या सुरुवातीचा कीबोर्ड डॉन एअरीचा, एवढं तरी.

पण माझा खरा राग वेगळा आहे. ‘ऑझीने लिहिलेली गाणी’ असं तुमचे लेखक बिनधास्त लिहितात. बहुतेक शब्द बेसवादक बॉब डेझलीचे आहेत. ड्रम्स ली कर्सलेकचे. १९८० साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या रिज फार्म स्टुडिओत हे चौघं बसले, म्हणून अल्बम झाला. अख्ख्या लेखात डेझली आणि कर्सलेकचं नाव एकदाही नाही.

यात माझे पैसे बुडालेले आहेत, म्हणून जरा जास्त लागतं. कॉलेजात असताना मित्राच्या भावाने दुबईहून आणलेल्या एलपीवरून मी हा अल्बम कॅसेटवर भरून घेतला होता. टेप ताणली जाऊन घोगरी होईपर्यंत ऐकला. पुढे २००२ची नवी सीडी फोर्टातल्या एका दुकानात दिसली आणि हौसेने घेतली. घरी लावली. ‘क्रेझी ट्रेन’मध्ये ऑझी तोच, रँडी तोच, पण खालचा बेस परका आणि ड्रम्सही परके. आधी वाटलं आपला डेक बिघडला. रॉयल्टीवरून कोर्टात गेलेल्या डेझली आणि कर्सलेकचं वाजवणं त्या आवृत्तीतून चक्क पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून वाजवून घेतलं होतं, हे नंतर कळलं. मी डोंबिवलीहून पुन्हा फोर्टला गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, सीडी वाजते ना? मग खराब कशी?” बदलून दिली नाहीच, वर मलाच वेड्यात काढलं.

२०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. माझे पैसे आले नाहीत.

तेव्हा ज्यांनी पुसलं त्यांना निदान कोर्टकज्जाचं कारण होतं. तुमच्याकडे कोणतं होतं? अमेरिकेत हा अल्बम यादीत एकविसाव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही, तरी पुढे तिथे चाळीस लाखांहून जास्त खपला, तो काय एकट्या ऑझीच्या आरोळीवर? कर्सलेकला कॅन्सर झाला तेव्हा, मरण्याआधी आपल्या घराच्या भिंतीवर या अल्बमची प्लॅटिनम तबकडी लागावी, एवढंच त्याने ऑझीकडे मागितलं होतं. ऑझीने ती पाठवली, हेही सांगायला हवं. २०२० साली कर्सलेक गेला. भांडण झालेल्या ऑझीने त्याची आठवण ठेवली, आणि तुमच्या अर्ध्या पानात त्याला एक ओळ मिळू नये?

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पुरवणीतच छापा, आणि फोटोसह. निविदा सूचनांच्या खाली मुंगीच्या अक्षरात नको. जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर ‘उद्याच्या अंकात’ म्हणून गेल्या आठवड्यात जाहीर केलं होतंत. तो उद्या अजून उगवलेला नाही. आडवा सात काय होता, तेवढं तरी कळवा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)