कॅरव्हॅनच्या फ्लोअरला खडी क्रशरचा पट्टा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॅरव्हॅनवरचा, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीवरचा, लेख वाचला, छान होता, फोटो तर भारीच. पण फ्लोअरिंगचं जे दोन ओळीत उरकलंय ना, की जुन्या टायरच्या रबर टाइल टाका, स्वस्त पण आणि इको-फ्रेंडली पण, तिथं मला बोलायचंय. आमचं मिरजेजवळ गाड्यांच्या बॉडीचं छोटं वर्कशॉप आहे. २०२१ ला महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन टुरिझमचं धोरण काढलं, त्यानंतर जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन 'आत घर करून द्या' म्हणणारी माणसं आमच्याकडे पण यायला लागली, आणि त्यातली निम्मी यूट्यूब बघून आलेली, त्यांना साधं व्हिनाइल (प्लास्टिकची फ्लोअर शीट) नको असतं, काहीतरी रिसायकल्डच पाहिजे. माझा विरोध नाहीये हां, मला स्वतःला असली कामं करायला आवडतात. पण रिसायकल्ड म्हटलं की लोक रंग विचारतात, रेट विचारतात, हा माल आधी कुठं होता आणि काय काम करत होता हे कोणी विचारतच नाही.

आमच्याकडे सगळ्यात चांगलं जमलेलं फ्लोअर म्हणजे खडी क्रशरचा जुना कन्व्हेयर पट्टा, ज्याच्यावरून खडी पुढं सरकते तो. गोठेवाले म्हशींखाली अंथरायला नेतात तोच. वर-खाली रबर, मधे नायलॉन कापडाचे थर, झिजून झिजून वरची बाजू अशी गुळगुळीत झालेली असते की पायाला मस्त लागते, आणि गाडी चालताना खालचा आवाज पण बराच दबतो. खडीच्या पट्ट्यावर दगडाची भुकटी सोडून काही नसतं, प्रेशरनं धुतला की झालं. साखर कारखान्यातला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, पण चालतो. पण तोच पट्टा खताच्या कारखान्यातला किंवा राखेचा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका, भंगारवाला सांगणार नाही, आपणच खोदून विचारायचं. आत कापडाऐवजी स्टीलच्या तारा असलेला पट्टा पण नको, कापताना जीव जातो आणि कडेनं गंजतो. कापडाचा पट्टा कापताना पात्याला साबणाचं पाणी लावत राहायचं नाहीतर पातं रबरात अडकतं, आणि कापलेल्या कडा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं बंद करायच्या, कारण ते मधलं कापड कडेनं पाणी ओढतं आणि मग आतून कुजकट वास सुटतो.

आता वजन. १० मिमी जाडीचा पट्टा एका चौरस मीटरला ११-१२ किलो भरतो. आत १२ फूट बाय साडेपाच फूट जागा धरली तर ६ चौरस मीटर, म्हणजे ७० किलोच्या आसपास, एक धडधाकट पाहुणा कायमचाच गाडीत बसवल्यासारखं. त्यात १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे अजून १०० किलो, बॅटरी, बेड, गॅस वेगळंच, आणि आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय ते काय आपल्या हौसेसाठी वाढत नाही. म्हणून आम्ही पट्टा फक्त चालायच्या पट्टीत टाकतो, बेड आणि कपाटाखाली नुसता प्लाय.

टायरच्या भुकटीच्या टाइलचं म्हणाल तर जिमला आणि बागेला त्या ठीक आहेत, तिथं हवा असते. इथं काचा बंद करून गाडी मे महिन्यात उन्हात उभी असते हो! ती भुकटी कुठल्या कुठल्या टायरची मिसळलेली असते आणि टायरमधे पीएएच नावाची घातक रसायनं असतात, युरोपात मैदानांवर टाकायच्या असल्या भुकटीला २०२२ पासून किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शिवाय टाइल सच्छिद्र, चहा सांडला की खाली प्लायपर्यंत. कोणतंही रबर घ्यायच्या आधी एक तुकडा झाकणाच्या डब्यात घालून दुपारभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी उघडून नाक लावा, वास सहन झाला नाही तर नको, विषय संपला.

अजून एक, रबरावर व्हिनाइल अंथरायची आयडिया हल्ली बरेच जण घेऊन येतात. नको. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमधे चढतात आणि पिवळे-तपकिरी डाग पडतात, घासून जात नाहीत. निवडणुकीचे जुने फ्लेक्स ओल अडवायला प्लायखाली टाकणारे पण आहेत (नेते एकदाचे पायाखाली येतात म्हणून गिऱ्हाईक खूश), पण पत्र्याला आधी गंजरोधक प्रायमर नीट मारला नसेल तर फ्लेक्सखाली घाम साठतो आणि पत्रा आतल्या आत गंजतो. एमआयडीसीतल्या पॅलेटच्या (मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटीच्या) फळ्या दिसायला छान, पण शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेली, ती घ्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात नको.

स्क्रू मारायच्या आधी गाडीखाली झोपून डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून जातंय ते खडूनं वर मार्क करून घ्यायचं, हे सांगायला लागू नये पण लागतं. आणि फ्लोअर बदलणं वेगळं, सीट काढून बेड टाकला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आरटीओची परवानगी आधी. गाडीच्या आतल्या मटेरियलच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, पण रिसायकल्ड टाइल विकणाऱ्याला त्याचा रिपोर्ट मागितला की तो आपल्याकडेच बघत बसतो, आणि आपण त्याच टाइलवर शेगडी ठेवून चहा करणार.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्या विकणाऱ्यांना तीन गोष्टी विचारून छापा, चौरस फुटाला वजन किती, आगीच्या चाचणीचा कागद आहे का, आणि हा माल आधीच्या जन्मी काय होता. फोटो एखादा कमी टाकला तरी चालेल.

आपला,
एक बॉडीवाला, मिरज