मंत्रिमहोदय, जरा माझ्या टेपचं माप बघा

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या शिबिरात आपण उपचाराच्या मदतीचा माझा अर्ज स्वतः हातात घेतलात. "आठवड्यात काम होईल, काका" म्हणालात. फोटोही निघाला. काल, चार महिन्यांनी, उत्तर आलं: आजार मदतीच्या यादीत नाही.

मी शिंपी. मला सीआयडीपी झालाय. अंगातली प्रतिकारशक्तीच नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. पाय पायडलवर आहे की जमिनीवर, हे वाकून बघावं लागतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. 25 वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले. आता माझ्या शर्टाची बटणं बायको लावते.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे अचानक लुळं पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा सरकार धावलं. धावायलाच हवं होतं. माझा आजार त्याचाच सावत्र भाऊ. जीबीएस चार आठवड्यांच्या आत माणूस आडवा करतो, माझा आठ आठवडे आणि पुढेही पोखरत राहतो. सावकाश लुळा पडणाऱ्याला घाई नसते, असं काही परिपत्रक निघालंय का?

यावरचं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, वजनावर देतात, पहिल्यांदा किलोला 2 ग्रॅम. मी 60 किलोचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. मला एक साडेनऊ हजारांना पडली. पाटल्या गेल्या, दुसरं मशीन गेलं. पण पाऊल उचलायला लागलो होतो, साहेब! पुढचा डोस हुकला आणि चप्पल पुन्हा घासायला लागली.

डॉक्टर म्हणाले, आवरण काही महिन्यांत परत चढू शकतं. आतली तारच गेली तर ती दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, वाढली तर. घरी येऊन टेप लावली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत साडेपंधरा इंच. म्हणजे 394 मिलिमीटर, 394 दिवस. तोवर स्नायू थांबेलच असं नाही. तुमच्या फाईलीपेक्षा मात्र नसच चपळ म्हणायची.

लाखात दोन-चार जणांना होतो म्हणे. राज्यात अडीच ते पाच हजार धरा. एवढ्याशा मतांसाठी यादी कोण उघडणार? उद्घाटनाला मुहूर्त मिळतो, बदल्यांना मिळतो. आम्ही मात्र दोऱ्याच्या रिळावरही कर भरायचा आणि औषधाला कुणाची तरी चिठ्ठी आणायची. सरकारं बदलली, खिडकीवरचं "उद्या या" तेवढं बदललं नाही.

आजार यादीत घाला, नाहीतर का नाही ते लिहून द्या. आणि अर्जाला जोडलेला एनसीव्हीचा, म्हणजे नसांच्या तपासणीचा, मूळ रिपोर्ट तेवढा परत पाठवा. पुन्हा करायचा तर पैसे पडतात, वर शॉक बसतात ते वेगळेच.

आपला,
एक शिंपी