नव्या देशात जोडीदाराला गाडी शिकवताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नामुळे किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या माणसाचं स्वातंत्र्य बऱ्याच ठिकाणी गाडीवर अवलंबून असतं. दवाखाना, मुलांची शाळा, नोकरीची मुलाखत, प्रत्येक गोष्टीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाची सुट्टी बघावी लागते. मग घरातला अनुभवी चालक म्हणतो, "मीच शिकवतो, त्यात काय!" हेतू चांगला असतो. पण सगळा भर स्टिअरिंग आणि गिअरवर जातो. हात-पाय काही दिवसांत सरावतात. परीक्षेत आणि रस्त्यावर घोटाळा होतो तो नजर कुठे टाकायची आणि आधी कोणी जायचं या दोन बाबतींत. जिने मायदेशी वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे, तिला तर हे जास्तच जड जातं, कारण तिला जुनी सवय मोडून नवी लावायची असते.

किल्ली हातात देण्याआधी कागद बघावेत. जुनं लायसन्स किती काळ चालतं हे प्रत्येक देशात वेगळं असतं. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून साधारण ६ महिने आणि ब्रिटनमध्ये १२ महिने, तेही युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्ससाठी. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि तो मायदेशातूनच काढून आणावा लागतो. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा परवाना एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा जास्तीत जास्त तीन वर्षं. आपण जातो तो देश यातला कोणता मानतो, हे निघण्यापूर्वीच पाहावं.

शिकाऊ परवान्यावर शिकायचं असेल तर शेजारी कोणी बसायचं यालाही नियम आहेत. ब्रिटनमध्ये सोबत बसणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं आणि त्याच्याकडे लायसन्स किमान ३ वर्षांचं हवं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सोबत्याला किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय पहिल्या टप्प्याच्या शिकाऊ चालकाला मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही. जर्मनीत तर नवरा-बायकोने एकमेकांना सार्वजनिक रस्त्यावर शिकवणं बेकायदा आहे. तिथे ड्रायव्हिंग स्कूललाच जावं लागतं, घरच्यांबरोबरचा सराव फक्त बंदिस्त सराव मैदानावर. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक बदलतात. विम्याचंही तसंच. शिकणाऱ्या व्यक्तीचं नाव पॉलिसीत घातल्याची लेखी खात्री विमा कंपनीकडून घ्यावी. फोनवरच्या "चालेल" वर विसंबू नये.

खरं शिक्षण शेजारच्या सीटवर सुरू होतं, आणि हा टप्पा जवळपास प्रत्येक घर गाळतं. पहिले काही दिवस अनुभवी व्यक्तीने गाडी चालवावी आणि शिकणारीने दिसेल ते मोठ्याने बोलावं: "पुढे वेगमर्यादा ५०, डावीकडून रस्ता येतोय, त्याला थांबायची पाटी आहे, आपल्याला नाही, समोर पादचारी उभा आहे." बोललं की नजर कुठे कमी पडते ते लगेच कळतं. बहुतेकांची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर चिकटलेली असते. गाडी १० ते १२ सेकंदांनी जिथे पोचेल, तिथपर्यंत ती जायला हवी.

वाहतुकीची बाजू बदलली असेल तर एक खूण पक्की करावी. त्या देशासाठी बनलेल्या गाडीत चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. आपण फुटपाथच्या बाजूला बसलेलो दिसलो तर आपण चुकीच्या बाजूला आहोत. ही चूक गर्दीत सहसा होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. ती होते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना, यू टर्न घेतल्यावर आणि दमल्यावर. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडे नेला, तेव्हा सुरुवातीला अपघात घटले होते. लोक सरावले तसे ते पुन्हा वाढले. घरच्या शिकवणीतही तसंच होतं. पहिल्या आठवड्यात सगळेच सावध असतात, पण सोबत्याने जास्त लक्ष द्यायला हवं ते पुढच्या महिन्यात.

उजव्या बाजूच्या वाहतुकीत चौकात अगदी जवळची गाडी डावीकडून येते, आणि गोल चक्कर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तेव्हा पहिली नजर डावीकडे. रस्ता पायी ओलांडतानाही हाच सराव करावा, त्याला परवाना लागत नाही.

आता गाडी. मोकळ्या मैदानात पहिला अर्धा तास फक्त ब्रेक. हळू थांबणं, ठरलेल्या रेषेवर थांबणं, आणि मग एकदा पूर्ण जोराने. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. ते माहीत नसेल तर माणूस घाबरून पाय उचलतो, नेमका तेव्हाच दाबून ठेवायचा असतो. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय पूर्ण मोकळा ठेवावा. मॅन्युअलची सवय असलेला पाय क्लच समजून ब्रेक दाबतो आणि गाडी जागीच आपटल्यासारखी थांबते. ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक गाडी आपणहून पुढे सरकते, हेही आधीच दाखवावं.

मॅन्युअलमध्ये पेडलांचा क्रम जगभर तोच आहे: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. गिअरचा नकाशाही उलटत नाही. पण हात बदलतो. उजवीकडे बसणाऱ्याला पहिला गिअर अंगापासून दूर ढकलून टाकावा लागतो, डावीकडे बसणाऱ्याला तो अंगाकडे ओढून. म्हणूनच पहिल्याऐवजी तिसरा पडतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, न बघता गिअर टाकण्याचा सराव केला तर हे लवकर सुटतं.

एक दोष हमखास दिसतो. उजवीकडे बसायची सवय असलेली व्यक्ती डावीकडे बसली की गाडी उजवीकडे सरकत जाते आणि फुटपाथला किंवा उभ्या गाड्यांच्या आरशांना घासायला येते. गाडीचा पसारा आपल्या डाव्या हाताला आहे असंच डोक्यात बसलेलं असतं, आणि तो आता उजव्या हाताला गेलेला असतो. उलट दिशेने बदल झाला तर गाडी डावीकडे सरकते. अशा वेळी सोबत्याने स्टिअरिंगला हात घालू नये. शिकणारीला लांबवर लेनच्या मध्यावर बघायला सांगावं आणि फुटपाथकडच्या आरशात लेनची रेषा दिसते का ते विचारावं.

आधी जायचा हक्क कोणाचा, यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जिथे वाहतूक एकमेकांच्या नजरेवर, हॉर्नवर आणि डिपरवर चालते, तिथून आलेल्या व्यक्तीला पुढची गाडी का थांबली तेच कळत नाही. अमेरिकेत चारही बाजूंना थांबायची पाटी असलेल्या चौकात जो आधी पूर्ण थांबला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. पूर्ण थांबणं म्हणजे चाकं स्थिर, वेग शून्य. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क असतो, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो. लाल दिव्यावर उजवीकडे वळणं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पूर्ण थांबून चालतं. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटीने परवानगी दिली असेल तरच. लाल दिवे लुकलुकत थांबलेल्या शाळेच्या बसला अमेरिकेत ओलांडायचं नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. जर्मनीत महामार्गावर वाहतूक तुंबली की रुग्णवाहिकेसाठी सर्वांत डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट ठेवायची असते. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही. हे नियम तोंडपाठ करून भागत नाही. रोजच्या रस्त्यावरच्या प्रत्येक चौकात "इथे आधी कोण?" हा प्रश्न शिकणारीने स्वतःलाच विचारायला हवा.

समोरची वाहतूक छेदून वळण्यासाठी चौकात थांबलेलं असताना चाकं सरळ ठेवावीत. आधीच वळवून ठेवली आणि मागून कोणी धडकलं, तर गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात ढकलली जाते.

लेन बदलताना आरसा, इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर. आरशात न दिसणारी जागा दाखवायला गाडी उभी करून शिकणारीला चालकाच्या सीटवर बसवावं आणि सोबत्याने गाडीभोवती चालत जावं. माणूस आरशातून कुठे नाहीसा होतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. महामार्गावर शिरताना बहुतेक शिकाऊ भीतीने वेग कमी करतात, आणि तेच धोक्याचं आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वाहतुकीत ६० ने शिरलं तर मागची गाडी दर सेकंदाला ११ मीटरने जवळ येते. जोडरस्त्यावरच वेग जुळवायचा. पुढची गाडी एखाद्या खुणेपाशी पोचल्यावर आपण तिथे पोचायला लागणारा वेळ, म्हणजेच अंतर, कोरड्या रस्त्यावर २ सेकंद, पावसात ४, बर्फावर कितीतरी जास्त. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत ताशी ३० मैलांना थांबायला २३ मीटर दिले आहेत आणि ६० मैलांना ७३. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त.

घरात भांडणं होतात ती बहुतेक सूचनांवरून. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदात १४ मीटर जाते. "इथे वळ" म्हणेपर्यंत वळण मागे पडलेलं असतं. आधी जागा सांगावी, मग दिशा: "पुढच्या सिग्नलला डावीकडे." "अगं बघ, बघ!" याने काय करायचं ते कळत नाही, फक्त धडकी भरते. "थांब" हा शब्द खऱ्या धोक्यासाठीच राखून ठेवावा. चूक झाली तर त्यावर गाडी बाजूला उभी करून बोलावं, चालत्या गाडीत नाही. सराव ४५ मिनिटांपेक्षा जास्त ताणू नये. आणि सोबत्याने आधी स्वतःकडे बघावं. पाटीवर पूर्ण न थांबणं, एका हाताने स्टिअरिंग धरणं, मागे वळून न बघणं या जुन्या चालकांच्या सवयी शिकणारी जशाच्या तशा उचलते, आणि परीक्षक नेमके त्याचेच गुण कापतात.

माझं स्पष्ट मत असं की परवडत असेल तर सुरुवातीचे काही धडे आणि परीक्षेआधीचा एक धडा व्यावसायिक प्रशिक्षकाकडे घ्यावा. त्याच्याकडे दुहेरी ब्रेकची, म्हणजे शेजारी बसणाऱ्यालाही ब्रेक असलेली गाडी असते आणि स्थानिक परीक्षेत लोक कुठे नापास होतात ते त्याला माहीत असतं. मधला सगळा सराव जोडीदाराने करून घ्यावा, पण प्रशिक्षकाने लिहून दिलेल्या मुद्द्यांवरच. दोघांनी दोन पद्धती शिकवल्या तर शिकणारी चौकात गोंधळते. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्यायची की मॅन्युअलवर हेही आधी ठरवावं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालं तर मॅन्युअल चालवता येत नाही.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ओळखीच्या रस्त्यावर, दिवसा, एकटीने गाडी न्यावी. शेजारी माणूस असेपर्यंत निम्मे निर्णय तोच घेत असतो, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. निघण्याआधी नकाशात पत्ता घालून घ्यावा, फोन गप्प ठेवावा, आणि घरी असलेल्याने "पोचलीस का" म्हणून वाटेत फोन करू नये.

आपला,
एक वाचक