रेकॉर्डी पाठवण्यापूर्वी

परभणी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुण्याच्या खोलीवर टर्नटेबल घेतलास, हे ऐकून आनंद झाला. कपाटातल्या हार्ड रॉकच्या रेकॉर्डी आता तुला द्याव्यात, ही तुझी मागणीही मला मान्य आहे. तथापि त्या खोक्यात भरण्यापूर्वी काही गोष्टी लिहूनच कळवतो, कारण फोनवर तू 'हो, हो' म्हणतोस आणि लगेच दुसरा विषय काढतोस.

तुझी आजी या संगीताला धिंगाणा म्हणत आली आहे, आणि तुझ्या पिढीचे ऐकणारेही, फरक इतकाच की कौतुकाने, तेच म्हणतात. मला हे पटत नाही. या संगीताला वजन येते ते दोन आघातांमधल्या मोकळ्या जागेमुळे. एसी/डीसी या बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' रेकॉर्डचे शीर्षकगीत लाव. गिटारचे ठोके पडतात आणि एकदम थांबतात. ड्रमवादक फिल रडचा साधा, अजिबात न सजवलेला ताल तेवढा चालू राहतो, आणि त्या थांबण्यामुळेच पुढचा ठोका छातीत बसतो. पखवाजवादक समेपूर्वी क्षणभर हात रोखतो ना, तसे. फेब्रुवारी 1980 मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला आणि जुलैमध्ये, नवा गायक घेऊन, ही रेकॉर्ड बाहेर आली. मुखपृष्ठ काळे ठेवले ते त्याच्या दुखवट्यासाठी.

ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयॉमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली आणि पुढे तारा सैल लावून वाजवू लागला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये जो खोल, जड नाद ऐकू येतो त्यात या सैल तारांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या गाण्यांचे शब्द मात्र मला कधी फारसे भावले नाहीत.

डीप पर्पलचे 'मशीन हेड' तू लहानपणापासून ऐकले आहेस, परंतु तेही दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे, 'स्मोक ऑन द वॉटर', तेवढेच. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो येथे ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण व्हायचे होते तो, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बार, उडवल्याने, जळून गेला, हे त्या गाण्यातच आहे. मग या मंडळींनी हिवाळ्यात बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बोळांत बिऱ्हाड मांडले. यंत्रसामग्री बाहेर उभ्या असलेल्या गाडीत होती. माझा आग्रह आहे की तू पहिल्या बाजूचे 'हायवे स्टार' लावावेस आणि गिटारकडे काही वेळ दुर्लक्ष करून जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐकावास. तो आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवीत असे, म्हणून दोन्ही वाद्ये एकाच रागाने गुरगुरतात.

आता लेड झेपलिनची चौथी रेकॉर्ड, जिच्या मुखपृष्ठावर ना नाव आहे ना शीर्षक. तिचे शेवटचे गाणे मिसिसिपीच्या 1927 च्या महापुरावर रचलेल्या, 1929 सालच्या एका जुन्या ब्लूज गाण्यावरून घेतलेले आहे. जॉन बोनमचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी ठेवले होते आणि मायक्रोफोन वर जिन्याच्या कठड्यापाशी लटकावले होते. आपल्याला ऐकू येते ती सगळी जिन्याची पोकळी. याच रेकॉर्डवरचे 'फोर स्टिक्स' त्यांचा गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी 1972 मध्ये मुंबईला येऊन इथल्या वादकांबरोबर पुन्हा वाजवून पाहिले. त्या वर्षी आपल्याकडे लोक दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. पुराचे ते गाणे आपल्या मुलखात बसून ऐकताना मला हे दरवेळी आठवते.

इथे एक तांत्रिक अडचण सांगणे आवश्यक आहे, कारण रेकॉर्ड म्हटली की सगळेच सरस, असे मी मानत नाही. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे एकसारखेच घेते, परंतु मधल्या लेबलाजवळ वर्तुळ लहान असल्याने सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी होतो. झेपलिनचे ते सर्वांत जड गाणे नेमके तिथेच आहे. सुई झिजलेली असेल किंवा नीट बसवलेली नसेल तर झांजा फाटल्यासारख्या वाजतात. म्हणून टोनआर्मचे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचे, वजन कार्ट्रिजबरोबर (सुई बसवलेल्या भागाबरोबर) आलेल्या कागदाप्रमाणे लाव. अंदाजाने लावू नकोस.

रेकॉर्डी उभ्या ठेव, एकीवर एक रचू नकोस. आपल्याकडच्या वैशाखात लोखंडी कपाट इतके तापते की मी त्या आतल्या खोलीत लाकडी फळीवर हलवल्या. पुण्यात तेवढे ऊन नसले तरी बंद मोटारीत त्या ठेवशील तर पापडासारख्या वाकतील.

पहिल्या खेपेस सॅबथ आणि एसी/डीसी पाठवतो. 'मशीन हेड' दिवाळीला स्वतः घेऊन येईन. झेपलिन मात्र तुझी सुई तपासल्याशिवाय मिळणार नाही.

तुझे,
बाबा