कंदील सुचत नाही तेव्हा

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. नवरात्र तोंडावर, ऑर्डरी अंगावर आणि डोक्यात एकही नवा आकाशकंदील नाही, म्हणतोस. मला विचारशील तर सुचायची वाटच बघू नकोस. सांगाडा नेहमीचाच ठेव आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. मोबाइलवरचे फोटो मात्र आधी बंद कर. त्यांत नुसता कागद दिसतो, बांधणी दिसत नाही. मग आपण वरची नक्षी तेवढी उचलतो आणि म्हणतो, सगळे कंदील सारखेच!

एवढ्यात बांबूच्या कामट्या काढू नकोस. खराट्याचे हीर घे आणि ८ सेंमीचे २४ तुकडे काप. चार-चार तुकड्यांचे ६ चौकोन दोऱ्याने बांध, मग कोपऱ्याला कोपरा जोड. सांधे १२ होतात आणि मधे आपोआप ८ त्रिकोण उरतात. असा सांगाडा तासाभरात उभा राहतो, बिघडला तरी हळहळ नाही.

आता तो तीन तऱ्हांनी टांगून बघ. चौकोन वर ठेवून आपण नेहमीच टांगतो. त्रिकोण वर घेतलास तर मधे षटकोनी पट्टा येतो, शेपट्या लावायला सहा कोपरे मिळतात आणि कंदील उंच दिसतो. २५ सेंमीच्या कामट्या असतील तर पहिल्या तऱ्हेत उंची साधारण ३५ सेंमी भरते, दुसऱ्यात ४१. एका कोपऱ्यावर टांगलास तर ५० सेंमी, पण तो वाऱ्यावर फार गरगरतो, गॅलरीत नको. एकही नवी कामटी न लावता तीन कंदील झाले की नाही?

हा सांगाडा हातात धरला की पिळतो, ते तुला ठाऊक आहेच. त्रिकोण घट्ट राहतो, चौकोन मात्र कलतो. सगळी गडबड चौकोनांची. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरपे दोरे ताण, मगच कागद लाव. कामट्यांच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला तरी शेवटचे सांधे जुळत नाहीत. बुरूड आळीतून आणलेल्या कामट्या एकदम गठ्ठ्याने कापू नकोस. एक मापाची ठेव आणि बाकीच्या तिच्यावर धरून काप.

मग रंग. दोनच घे, तिसरा घरात असला तरी कपाटात राहू दे. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या. नंतर अदलाबदल. नंतर एकावर एक दोन कागद: पिवळ्यावर लाल लावला की दिवा लागल्यावर केशरी लालसर छटा येते, निळ्याखाली पिवळा ठेवला की हिरवी. हे दिवसा कळत नाही, म्हणून निवड नेहमी अंधारात, बल्ब लावून कर. पिवळसर उजेडाच्या बल्बमागे निळा आणि जांभळा कागद काळपट पडतो. ते रंग हवेच असतील तर पांढऱ्या उजेडाचा बल्ब घे. मला विचारशील तर पांढऱ्या उजेडात कंदील आजारी दिसतो.

कातरकामही एकाच जागी कर, फक्त त्रिकोणांत. पतंगाचा कागद त्रिकोणाच्या मापाला कडेने १ सेंमी जास्त ठेवून काप. तिन्ही कोपरे एकावर एक येतील अशी घडी घाल आणि कात्री मधल्या टोकापासून चालव. कड सोडून दे. छिद्रं फार झाली की कागद खळीच्या ओलाव्याने लोंबतो.

खळ दाटच हवी. एक वाटी पाण्याला दोन मोठे चमचे मैदा. आधी थंड पाण्यात कालव, मग मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजव. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. ते विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेव, हात धू आणि पोरांना लांब ठेव. खळ पातळ झाली की कागदाचा रंग फुटतो आणि सुरकुत्या पडतात. लावायचीही फक्त कामटीवर, कागदावर नाही.

वरचा आणि खालचा भाग उघडा ठेव, बल्ब ५ वॉटचा एलईडी पुरे. शेपट्या सगळ्यात शेवटी, उंचीच्या दीडपट. हिराचे तिन्ही सांगाडे झाले की रात्री दिवा लावून फोटो पाठव. कुठला मोठा करायचा ते मग ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नान्या