खांबावरचा खिळा

पाळकसाहेबांना सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण आमचं भांडणही चारचौघांतच नेलं गेलं होतं.

मी कॅथोलिक घरातली, आमचे हे प्रोटेस्टंट. परतवाड्याजवळच्या या खेड्यात लग्न होऊन आले, तेव्हा पेटीत आजीची रोझरी होती, ५९ मण्यांची जपमाळ. "मरियेची मध्यस्थी कायले? थेट प्रभूशी बोल ना," हे म्हणत. पहिलं वर्ष हसत म्हणत, मग हसणं गेलं. शेवटी माळ तुरीच्या डाळीच्या डब्यात लपली. डाळ काढताना हाताला लागायची.

मंडळीतली जाणती माणसं दोनदा घरी आली. इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचन २२ वाचलं, बायकांनी अधीन राहावं ते. चहा घेतला, गेली. माहेरच्यांनी "परत ये" म्हणून हात झटकले.

तुम्ही आलात ऐन वेचणीत. वाचायला घेतलंत ते २१व्या वचनापासून, एकमेकांच्या अधीन असा. मग यांना म्हणालात, "रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गातोस ना? त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९००चा." मी मनात म्हटलं, म्हणजे मीही पाच वर्षांनी बदलायचं की काय! ते तुम्ही ओळखलंत. "पोरी, तू बदलावंस म्हणून नाही सांगत."

हे बोलणं कदाचित विसरेनही. पण तुम्ही माळ मागितलीत, आपल्या रुमालानं एकेका मण्यावरची डाळीची भुकटी पुसलीत. भिंत मातीची, खिळा धरेना, म्हणून सागाचा खांब शोधलात. खिळा स्वतः धरलात आणि हातोडी यांच्या हाती दिलीत. "मार बाप्पू, माझं बोट सांभाळून."

माळ तुम्हालाही पटत नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतःला न पटणाऱ्या गोष्टीसाठी बोट पुढं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. उपदेश करणारे पुष्कळ पाहिले.

आता ऑक्टोबर, रोझरीचा महिना. मी मणी ओढायला बसले की हे ओसरीवर मोबाइलचा आवाज बंद करतात. बोलत काही नाहीत.

खिळा थोडा वाकडा गेलाय. परवा हे सरळ करायला निघाले होते. मी हात लावू दिला नाही.

तुमची लेक,
अचलपूर तालुका